ठेवणीतली बाटली

कुंभकोणमला येऊन अकरा महिने झाले. एनसीसीचं पोस्टिंग म्हणजे फौजी आयुष्यातला दुपारचा वामकुक्षीचा काळ. सकाळी पोरांची परेड, मग फायली, संध्याकाळी मंदिरांच्या गोपुरांवरून उडणारे पोपट बघत चालणं. घर मात्र अजून पूर्ण लागलेलं नाही. ज्यांनी बदल्या काढल्या आहेत त्यांना ठाऊक आहे, शेवटची दोन खोकी कधीच उघडली जात नाहीत. ती एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर तशीच जातात, फक्त वरचा नंबर बदलतो.

गेल्या महिन्यात रविवारी हिय्या करून खोका नंबर सतरा उघडला. जुने ट्रॅकसूट, एक मोडका टेबल लॅम्प, स्क्वाड्रनचा ग्रुप फोटो आणि त्या सगळ्याच्या मध्ये, लष्करी जर्सीत गुंडाळलेली एक वाईनची बाटली. लेबनॉनची, बेका खोऱ्यातली, 2002 सालची. कॅबरने सोव्हिन्यों मुख्य, म्हणजे बोर्दोच्या वळणाची लाल वाईन. कुठल्या घराण्याची ते सांगत नाही, कारण पुढे जो दोष सांगणार आहे तो त्यांचा नाही, माझा आहे.

ही बाटली माझ्या कोर्समेटने दिली होती. खडकवासल्याला तीन वर्षं एकाच स्क्वाड्रनमध्ये, मग देहरादून, आणि डिसेंबर 2000 मध्ये एकाच दिवशी कमिशन. तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण लेबनॉनला होता. 2009 मध्ये परत आला तो ही बाटली घेऊनच. बरोबर त्या खोऱ्याची एक गोष्टही आणली होती, ती आधी सांगतो.

गास्तों होशार नावाच्या माणसाने 1930 मध्ये तिथे शातो मुसार सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धात रोनाल्ड बार्टन नावाचा एक मेजर लेबनॉनमध्ये तैनात होता. हा मेजर म्हणजे बोर्दोमधल्या लांग्वा आणि लेओव्हिल बार्टन या दोन नामांकित शातोंचा मालक. घरचे मळे जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये आणि मालक वाळवंटात गणवेशात. त्याची आणि होशारची दोस्ती झाली. पुढे होशारचा मुलगा सर्ज बोर्दोला जाऊन शिकला आणि 1959 पासून त्याने वाईन करायला घेतली. लेबनॉनमधलं यादवी युद्ध 1975 ते 1990 असं पंधरा वर्षं चाललं. मळे बेका खोऱ्यात, वाइनरी डोंगरापलीकडे आणि मध्ये आघाड्या. तरीही जवळजवळ दरवर्षी द्राक्षं पोचली. 1976 मध्ये मात्र वाईन झाली नाही. "बघ," मित्र म्हणाला होता, "आपल्या लोकांना हे समजेल. सप्लाय लाइन चालू ठेवणं म्हणजे काय ते."

2015 मध्ये आम्ही दोघं पुण्याला होतो. एका शनिवारी तो घरी जेवायला आला. बायकोने मटण केलं होतं. तो म्हणाला, "ती बाटली काढ."

मी काढली नाही. तोपर्यंत मी या विषयावर तीन-चार पुस्तकं वाचली होती, आणि नुकतंच वाचलेल्या माणसाइतका धोकादायक कोणी नसतो. मी त्याला ऐकवलं की अशी वाईन पंधरा-वीस वर्षं तरी ठेवायला हवी, आत्ता उघडणं म्हणजे पाप. तो हसला. "मग कधी?"

"बघू," मी म्हणालो.

आम्ही रम प्यायलो. 2019 च्या ऑगस्टमध्ये, ईशान्येतल्या एका चौकीवर रात्री त्याच्या छातीत दुखायला लागलं. ढग हटेपर्यंत उशीर झाला होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या ब्लॉगवर मी पूर्वी मेसच्या डिनर नाइटमधल्या पोर्टवर लिहिलं होतं, तेव्हापासून काही निवृत्त वरिष्ठ आणि काही तरुण वाचक विचारत असतात: चांगली लाल वाईन घ्यायची तर कुठली, आणि घेतली तर ठेवायची किती वर्षं? जे पीत नाहीत त्यांनी हा लेख सोडून दिला तरी चालेल, आणि जे पितात त्यांनी बेताने प्यावी, हे वेगळं सांगायला नको. पण ठेवण्याबद्दल माझं आता एक ठाम मत झालं आहे, आणि ते त्या तीन-चार पुस्तकांच्या विरुद्ध आहे.

आधी ठेवणाऱ्यांची बाजू प्रामाणिकपणे मांडतो, कारण ती खोटी नाही. कॅबरनेच्या सालीत आणि बीत टॅनिन भरपूर असतं. चहा जास्त उकळला की जिभेवर जो तुरटपणा येतो, तोच. तरुण वाईनमध्ये तो टोचतो. बाटलीत वर्षं गेली की हे टॅनिन एकमेकांना धरून मऊ होतं, थोडं गाळ होऊन तळाशी बसतं. ताज्या काळ्या फळांचा वास मागे पडतो आणि तंबाखू, चामडं, देवदारी लाकूड असे वास वर येतात. एकदा असा प्याला मिळाला की माणूस विसरत नाही. मला तो दोनदा मिळाला आहे, दोन्ही वेळा दुसऱ्याच्या खर्चाने.

पण हे होण्यासाठी दोन गोष्टी लागतात: तशी वाईन आणि तशी जागा. तुरटपणा, आंबटपणा आणि फळांचा भरीवपणा हे तिन्ही मुळात भरपूर असेल तरच वाईन वर्षं काढते. नुसती तुरट असेल तर म्हातारी होते, शहाणी होत नाही. जगात होणारी बहुतेक लाल वाईन दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. बोर्दोचीसुद्धा. बोर्दो म्हटलं की डोळ्यांसमोर 1855 ची ती प्रसिद्ध श्रेणीवारी येते. लाल वाईनचे पाच दर्जे आणि त्यांत आज एकसष्ट शातो. एक ओ-ब्रियों सोडलं तर सगळे मेदोकमधले. या यादीत वरच्या दर्जाला बढती आजवर एकदाच झाली. 1973 मध्ये शातो मूतों रॉथशिल्ड दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत गेलं. 118 वर्षांनी बोर्ड क्लिअर! आपल्यातल्या ज्यांना प्रमोशन बोर्डाबद्दल तक्रार आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. पण त्या एकसष्टांच्या पलीकडे बोर्दोत हजारो मळे आहेत, आणि आपल्या खिशाला परवडणारी बाटली त्यांच्यातूनच येते.

तशी घ्यायची असेल तर मला उपयोगी पडलेल्या तीन गोष्टी सांगतो. पहिली, नदीचा कुठला काठ. डाव्या काठाला खडीची जमीन, तिथे कॅबरनेचं राज्य. वाईन ताठ, उशिरा मोकळी होणारी. उजव्या काठाला, म्हणजे सेंट-एमिलियों आणि पोमेरोलच्या बाजूला, चिकणमाती आणि मेर्लो. वाईन मऊ, लवकर तयार. लवकर प्यायची असेल तर उजवा काठ धरा. दुसरी, साल. 2005, 2009, 2010, 2016 ही मोठी वर्षं. अशा वर्षी लहान शातोसुद्धा उत्तम वाईन करतात, तेव्हा लहानांची घ्या. 2013 सारख्या पावसाळी, थंड वर्षी लहानांच्या वाटेला जाऊ नका. तिसरी, मोठ्या शातोची 'दुसरी वाईन'. बहुधा तरुण वेलींच्या किंवा मुख्य वाईनसाठी न निवडलेल्या द्राक्षांची, स्वस्त आणि आधी पिण्याजोगी. घराणं तेच, फक्त धाकटी पाती.

तरीही परदेशी बाटली भारतात महाग पडते. आयात शुल्क वर्षानुवर्षं दीडशे टक्के होतं, वर राज्याराज्याचे कर. म्हणून आपल्या घरची वाईन नीट ओळखणं हा खरा शहाणपणा. 1980 च्या दशकात शामराव चौगुल्यांनी नारायणगावला इंडाजची वाइनरी उभी केली तेव्हा लोकांना तो वेडेपणा वाटला होता. पुढे नाशिकला सुलाची पहिली वाईन 2000 मध्ये आली, 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि दिंडोरी, निफाडच्या रस्त्यांवर पाट्या दिसू लागल्या. आज नाशिकच्या पट्ट्यात चांगली कॅबरने होते. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला, उसाच्या मुलखात, फ्रातेल्ली 'सेत्ते' करते. सेत्ते म्हणजे इटालियनमध्ये सात. इटलीची सांजोवेसे आणि बोर्दोची कॅबरने असा तो संकर. बंगळुरूजवळ नंदी हिल्सच्या पायथ्याला ग्रोव्हरची 'ला रिझर्व्ह' आहे, कॅबरने आणि शिराझ मिळून. तिला पोमेरोलचे मिशेल रोलां सल्ला देत आले. शिराझ घातली म्हणजे बोर्दो बिघडली, असं म्हणणाऱ्यांना सांगा की एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारी स्वतःच आपल्या वाईनला बळ यावं म्हणून ऱ्होन खोऱ्यातली सिरा मिसळत, आणि सिरा म्हणजेच शिराझ.

पण आपल्या वाईनचा स्वभाव वेगळा आहे आणि तो वेलीपासून सुरू होतो. बोर्दोची वेल हिवाळ्यात झोपते, सप्टेंबर-ऑक्टोबरला काढणी. आपली वेल झोपतच नाही. म्हणून आपला बागायतदार तिची वर्षातून दोनदा छाटणी करतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये. सुरुवातीला रात्री गार असतात, पण फेब्रुवारी सरला की ऊन चढतं, द्राक्षात साखर झपाट्याने भरते आणि आंबटपणा उतरतो. आंबटपणा हा वाईनचा कणा. म्हणून माझा अनुभव असा की आपली चांगली लाल वाईन काढणीपासून तीन ते सहा-सात वर्षांत सर्वांत सुंदर लागते. पुढे ती टिकेल, पण वाढेलच असं नाही. त्यात कमीपणा काही नाही. हापूस जूनपर्यंत टिकत नाही म्हणून कोणी त्याला नावं ठेवत नाही.

आता जागा. वाईन ठेवायची तर बारा ते चौदा अंश, बारा महिने एकसारखं, अंधार, थोडी ओल, आणि बूच भिजत राहावं म्हणून बाटली आडवी. कुंभकोणमला मे महिन्यात दुपारी पारा छत्तिशीच्या पुढे जातो आणि रात्रीही पंखा बंद करवत नाही. माझ्या बाटलीचा प्रवास मी कागदावर मांडून पाहिला. पठाणकोट, मग जैसलमेर, मग पुणे, मग मी फील्डला असताना सासरच्या पत्र्याखालचा माळा, मग बबिना, मग इथे. आणि आपल्या बदल्या कधी निघतात? मे-जूनमध्ये. म्हणजे दर वेळी ट्रकच्या बंद पोटात, रणरणत्या उन्हात चार-पाच दिवस. पंधरा वर्षं मी तिला जपतोय असं मला वाटत होतं. मी तिला शिजवत होतो.

त्या रविवारी संध्याकाळी ती उघडली. सोबतीला आमच्या गल्लीतले एक सुभेदार साब होते, मद्रास सॅपर्समधून निवृत्त झालेले. बूच अर्धा सेंटीमीटर वर सरकलं होतं आणि कडेने वाईन झिरपून वाळलेली. रंग विटेसारखा. वास शिजलेल्या मनुकांचा, खाली शिळ्या सोया सॉसची झाक. मी एक घोट घेतला. फळ नाही, कणा नाही, नुसती आंबट-गोड उष्ण पोकळी.

सुभेदार साबांनी पेला नाकाजवळ नेला, शिष्टाचार म्हणून ओठ लावले आणि खाली ठेवला. "सर, ही कुणाची वाट बघत होती?" त्यांनी हिंदीत विचारलं.

मी सांगितलं.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "या गावालाही वाट बघायची सवय आहे. पण तारीख ठरलेली असते."

ते महामहम बद्दल बोलत होते. गुरू सिंह राशीत आला की दर बारा वर्षांनी मासी महिन्यात इथल्या महामहम तळ्यावर लाखो लोक स्नानाला येतात. मागचा 2016 मध्ये झाला, पुढचा 2028 मध्ये. आणि गंमत बघा, हाच सिंहेचा गुरू आपल्याकडे नाशिकला सिंहस्थ घेऊन येतो. म्हणजे ज्या नाशिकच्या वाईनबद्दल मी वर लिहिलं ते गाव आणि हे गाव एकाच घड्याळावर चालतात. दोघांनाही बारा वर्षं थांबता येतं. पण त्यांच्या थांबण्याला दिवस आहे, नक्षत्र आहे, आणि कोण येणार ते ठाऊक आहे. मध्ये कोणी 'बघू' म्हणत नाही.

आणि याच गावात रोजची कॉफी बघा. इथली डिग्री कॉफी प्रसिद्ध आहे. पितळी पेला आणि वाटी, घट्ट डिकॉक्शन, कसदार दूध. नाक्यावरच्या दुकानात एकदा डिकॉक्शन उरलं होतं ते त्याने माझ्यासमोर ओतून दिलं आणि नवं लावलं. ठेवायचं ते तारखेनिशी ठेवायचं, नाहीतर आत्ता, गरम असताना. मधला प्रकार इथे नाही.

म्हणून माझं मत असं. आपल्यासारख्या माणसांनी, दर दोन-तीन वर्षांनी घर हलवणाऱ्यांनी, वाईन साठवू नये. प्यायला घ्यावी. आधी माणूस ठरवा, मग दिवस, मग बाटली. पुस्तकं उलट क्रम सांगतात. येत्या महिन्या-दोन महिन्यांतला दिवस असेल तर नाशिक, अकलूज किंवा नंदी हिल्सची, काढून तीन-चार वर्षं झालेली रिझर्व्ह दर्जाची बाटली घ्या. लेबलवर साल बघा. उन्हात मांडून ठेवलेली बाटली दुकानदाराने फुकट दिली तरी घेऊ नका. घरी साध्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात काही महिने ती बिनधास्त राहते, कपाटातल्या पस्तीस अंशांपेक्षा केव्हाही बरी. 'रूम टेम्परेचर' हा शब्द थंड देशातल्या खोलीचा आहे, कुंभकोणमच्या नाही. प्यायच्या वेळी सतरा-अठरा अंश हवी, म्हणून फ्रिजमधून काढल्यावर अर्धा तास बाहेर ठेवा. तुरट वाटली तर तासभर आधी काचेच्या किंवा स्टीलच्या जगमध्ये ओता. आणि बरोबर तांबडा रस्सा नको. तिखट आणि टॅनिन एकमेकांना चिथवतात. कमी तिखटाचं सुकं मटण करा, भाजलेलं असेल तर उत्तम.

दहा वर्षं ठेवण्याचा हट्टच असेल तर ज्यांचं घर हलत नाही आणि ज्यांच्याकडे बारा अंशांचं वाईनचं कपाट आहे, अशा माणसाकडे ठेवा. आणि बाटलीला चिकटपट्टी लावून त्यावर तारीख आणि नाव लिहा. आपण खोक्यांवर नंबर घालतो तसं. नाव नसेल तर बाटली घेऊ नका.

वरिष्ठांपैकी कोणी म्हणेल, एक बाटली खराब झाली म्हणून एवढं तत्त्वज्ञान कशाला. सर, मान्य. ऊन लागलं नसतं तर ती वाईन कदाचित आज उत्तम असती आणि मी याच्या उलट लेख लिहिला असता. पण 2015 च्या त्या शनिवारी ती तेरा वर्षांची होती, पुण्यातली हवा गार होती, मटण चुलीवरून उतरलं होतं आणि ज्याने ती आणली तो समोर बसला होता. त्या दिवशी ती तयार होती की नव्हती, हा प्रश्न चुकीचा होता. आम्ही तयार होतो.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींना फोन केला. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलून मग बाटलीचं सांगितलं. त्या हसल्या. "मला माहीत आहे ती बाटली. पुण्याहून घरी आल्यावर ते म्हणाले होते, तो काही ती उघडायचा नाही, निवृत्तीपर्यंत पुस्तक वाचत बसेल." मग म्हणाल्या, "भाऊजी, इतकं मनाला लावून घेऊ नका. डिसेंबरला भेटू तेव्हा दुसरी आणा."

डिसेंबरमध्ये देहरादूनला आमच्या कोर्सच्या कमिशनला पंचवीस वर्षं होताहेत. वहिनी आणि मुलगा येणार आहेत. अकलूजची एक बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आहे, चिकटपट्टीवर तारीख आणि त्याचं नाव. ट्रकमध्ये जाणार नाही. मीच सोबत घेऊन जाणार आहे.